अकरा वेळा उघडी सापडलेली गाडी

पहिल्या महिन्यात आमची गाडी तीस वेळा बंद करण्यात आली. त्यांपैकी एकोणीस वेळा ती बंद राहिली आणि अकरा वेळा राहिली नाही. आकडे माझ्या वहीतले आहेत. उमेदीची सगळी वर्षं मी वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात काढली. आकडा हाती आल्याशिवाय मी वैतागतसुद्धा नाही.

गाडी मुलीनं, मुक्तानं घेतली. सेकंडहँड, पांढरी. हिला किल्ली फिरवावी लागत नाही. किल्ली म्हणजे एक काळी डबी, ती नुसती खिशात ठेवायची. उतरल्यावर हँडलवरचं बटण दाबलं की 'पीप' होतं, आरसे मिटतात आणि गाडी बंद. निवड निखिलची. निखिल हा मुक्ताच्या ऑफिसातला, नवघरचा मुलगा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं (आम्हाला तसं कळवण्यात आलं होतं). त्यामुळे गाडीचं दार हा केवळ दाराचा प्रश्न नव्हता.

पहिली घटना मीरा रोडच्या भाजी बाजारात घडली. मी बटण दाबलं. पीप. दोन पावलं गेलो, परत फिरलो आणि हँडल ओढून पाहिलं. ही कचेरीतली सवय. स्वतः खात्री केल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी धरायची नाही.

दार उघडलं!

"बंद केली होतीत ना?" पत्नीनं विचारलं.

"केली होती."

"मग उघडली कुणी?"

"कुणी म्हणजे? आपोआप!"

दुसऱ्या दिवशी तीच जागा, तेच बटण, तेच हँडल. घट्ट बंद! (त्या दिवशी किल्ली पत्नीच्या पर्समध्ये होती आणि बटण दाबून ती कोथिंबिरीपर्यंत पोचली होती. हा तपशील मला तेव्हा गैरलागू वाटला.)

गाडी आली त्या दिवशीच घातलेल्या वहीत मी आता रकाने आखले. दिनांक, वेळ, ठिकाण, हवामान, शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा रंग. डबीतला सेल बदलला, फरक नाही. पार्किंगची जागा बदलली, फरक नाही. मग तळमजल्यावरचे केतनभाई तपासात सामील झाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, हे समोरच्या बिल्डिंगवरचा मोबाईल टॉवर आहे ना, त्याचा लफडा आहे."

त्यांनी प्रयोग केला. ते एकटे खाली गेले, हँडल ओढलं: बंद. मी खाली जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो, त्यांनी पुन्हा ओढलं: सताड उघडं!

"अरे बापरे! मी एकटा ओढतो तर बंद, तुम्ही आले की खुल्ली? साहेब, टॉवर नाय. गाडीला तुमचीच नजर लागली!"

लिंबू-मिरची बांधली. वहीत नोंद आहे: 'परिणाम शून्य.'

मग हायवेवरचं सर्व्हिस सेंटर. तिथल्या सुपरवायझर बाईंनी शांतपणे हात पुढे केला. "चाबी दीजिए, अंकल." त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली आत काउंटरवर नेऊन ठेवली. मी अर्धा तास हँडल ओढत होतो. दार ढिम्म हललं नाही. दुखणाऱ्या दातासारखी गाडी डॉक्टरसमोर साळसूद झाली होती!

"गाडी एकदम ओके है, अंकल. आप टेन्शन बहुत लेते हो."

घरी आलो. बटण, पीप, दोन पावलं, परत, हँडल. उघडी!

आता मी खबरदारीचे उपाय योजले. स्टिअरिंगला सायकलची साखळी घातली. गाडीत कुठलीही वस्तू ठेवायची नाही असा नियम केला. छत्री वर. पाण्याची बाटली वर. डॅशबोर्डवरचा मान हलवणारा कुत्रासुद्धा रोज चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये लोक पत्नीच्या हातातल्या कुत्र्याकडे बघत, आणि कुत्रा त्यांना 'हो, हो' म्हणत मान हलवी.

शेवटी मुक्ता कडाडली.

"बाबा, तुम्ही चौकशी गाडीची करताय की निखिलची?"

"मी फक्त वस्तुस्थिती नोंदवतोय."

"काल त्याला फोनवर काय म्हणालात? 'वस्तू निवडताना घाई झालेली दिसते.' त्याला कळत नाही का? रविवारी त्याची आई येतेय, पहिल्यांदा! तिच्यासमोर गाडीचा ग जरी काढलात ना, तर मी गाडी विकेन, तुम्ही रिक्षाच्या लायनीत उभे राहा. आणि लग्नाचं आम्ही आमचं बघून घेऊ. तुम्ही नंतर पेपरात वाचा!"

मी शब्द दिला.

निखिलच्या आई, सुनंदाताई, बँकेच्या लॉकर विभागातून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं, नजर तपासनिसाची. चहा-पोहे झाले, सगळं छान झालं. ठरल्याप्रमाणे आम्ही पाचजण साखरपुड्याचा हॉल बघायला घोडबंदरला निघालो. गाडी मी चालवली. दारांबद्दल एक अक्षर काढलं नाही. हॉलच्या आवारात उतरताना सुनंदाताईंनी मुक्तासाठी आणलेल्या पैठणीचा खोका मागच्या सीटवरच ठेवला.

"राहू दे इथेच. गाडी बंद असते ना?"

निखिलनं मुक्ताकडे पाहिलं. मुक्तानं माझ्याकडे. मी खाडीकडे.

"असते," मी म्हणालो. खात्री न करता दिलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली माहिती.

मंडळी पुढे गेली. मी बटण दाबलं. पीप. हँडल ओढलं. उघडी! आत पैठणी! पुन्हा बटण. पीप. उघडी! पीप. उघडी! आरसे मिटत होते, उघडत होते, मिटत होते, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार निघाली होती. वहीत नोंदवायलाही उसंत नव्हती!

"दादा, काय झालं?" सुनंदाताई परत आल्या होत्या. मागोमाग बाकीचे तिघे.

"कुठं काय?"

"मघापासून पीपपीप चाललंय. पाखरू अडकलंय का आत?"

मुक्तानं डोळे मिटून घेतले. शब्द दिला होता, पण पुरावा समोर सताड उघडा होता. मी निमूटपणे खिशातून वही काढली आणि सुनंदाताईंच्या हातात दिली. निखिलचा चेहरा पडला. त्याचीच चार्जशीट त्याच्या आईच्या हातात!

सुनंदाताईंनी चष्मा लावला. अकराही नोंदी वाचल्या.

"अक्षर सुंदर आहे. वेळ आहे, ठिकाण आहे, 'अंशतः ढगाळ' आहे, शेजारची गाडी 'मोरपंखी' आहे. हँडल कुणी ओढलं ते नाही."

"मीच ओढलं. अजून कोण ओढणार?"

"केतनभाई लिहिलंय एका ठिकाणी."

"तेव्हाही मी शेजारीच होतो."

"आणि किल्ली?"

"खिशात. माझ्या."

"अकराही वेळा?"

मी आठवून पाहिलं. "...हो."

"उरलेल्या एकोणीस वेळा?"

"जवळजवळ प्रत्येक वेळी माझ्या पर्समध्ये!" पत्नी म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच प्रसन्न होता.

"मग हे लिहिलं का नाही, दादा?"

"बातमीत वार्ताहर स्वतःला घालत नाही, ताई. तसा नियम आहे."

"हं. आणा इकडे ती किल्ली."

त्यांनी गाडी बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि चालत हॉलच्या पायरीपर्यंत गेल्या. तिथून हात वर केला. "ओढा!"

ओढलं. बंद.

"जोरात!"

बंद! त्या परत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "आता." दार लोण्यासारखं उघडलं.

"आमच्या लॉकरचंही असंच," त्या म्हणाल्या. "किल्लीवाला समोर आला की त्याला उघडून देतात. ही बिचारी तुम्हाला महिनाभर अदबीनं दार उघडून देतेय, आणि तुम्ही तिच्याच तक्रारी लिहिताय!"

"काका," निखिल अगदी हळू म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही लिहूनही घेतलं होतंत."

मी वहीचं पहिलं पान उघडलं. माझंच अक्षर. 'गाडी मालकाला ओळखते आणि दार उघडते.' त्यावर लाल रेघ, आणि समासात शेरा: 'अतिशयोक्ती. वगळावे.'

"महिनाभर तो कुत्रा कोण वाहत होतं?" पत्नीनं विचारलं. "मी!"

मुक्ता हसत हसत गाडीच्या बॉनेटवर टेकली. निखिलला हसावं की नाही ते कळेना. मी त्याला जाहीरपणे सांगितलं, "निवड उत्तम आहे." त्यानं विचारलं, "गाडीची?" मी म्हटलं, "दोन्ही बाजूंची." सुनंदाताईंनी पैठणीचा खोका काढला आणि हॉल तिथल्या तिथे पक्का झाला.

साखरपुड्याच्या दिवशी मी नवी कार्यपद्धती अमलात आणली. गाडी बंद केली, किल्ली विहीणबाईंच्या हाती दिली, त्यांना पुढे पाठवलं आणि मग हँडल ओढलं. बंद! काय समाधान सांगू! म्हणून दुसरं दार ओढलं. बंद. तिसरं, चौथं, डिकी. सगळी बंद! पण एकदा पाहणं म्हणजे खात्री नव्हे; म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

मी हॉलमध्ये पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, कुटुंबाचा फोटो काढून झाला होता आणि फोटोग्राफर आइस्क्रीम खात होता. तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. त्यात मुक्ता आहे, निखिल आहे, दोन्ही आया आहेत, मध्येच घुसलेले केतनभाई आहेत.

मी नाही. नियम म्हणजे नियम!