रंकाळ्याची पूर्ण फेरी

आमचं लग्न पाणकोंबड्यांनी जमवलं, असं माझी बायको सगळ्यांना सांगत असे. ती गेल्यावर भेटायला येणारेही हीच गोष्ट काढतात, थोडं हसतात आणि मग हसल्याबद्दल ओशाळतात. मी त्यांना चहा देतो. गोष्ट खरी नाही, हे सांगत नाही. इथे मात्र लिहून ठेवतो.

नव्वद सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही हकीकत. बायको राधानगरीकडची. तीन ठिकाणचे लोक तिला पाहून, पोहे खाऊन गेले होते आणि तिन्हीकडून नकाराचं पोस्टकार्ड आलं होतं. तिसरं कार्ड पोस्टमनने आधी स्वतः वाचलं, याचा तिला नकारापेक्षा जास्त राग होता. शेवटी कोल्हापुरात राहणाऱ्या तिच्या मावशीने जाहीर केलं की आता पोहे बंद. मुलाने यायचं आणि मुलीबरोबर रंकाळ्याला फेरी मारायची. पसंत नसेल तर निम्म्यावर, काठावरच्या पॅलेसच्या झाडीपाशी, मागे फिरायचं. पसंत असेल तर तळ्याची फेरी पुरी करायची. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही.

माझ्या काकांनी हा नियम मला तळ्याकाठच्या टॉवरपाशी स्कूटर लावता लावता सांगितला. वर म्हणाले, "तुला बोलायला जमत न्हाय. चालायला तरी जमतंय न्हवं?"

पुढे ती आणि मी, वीस पावलं मागे काका आणि मावशी. चौपाटीवरचे भेळवाले संपेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. शेवटी तिनेच विचारलं, "तुमी वाचनालयात कामाला हायसा म्हणं?"

"हो."

"तितं तर गप्पच बसायचं असतंय की. बरं सापडलंय तुमास्नी."

माझं तिथेच ठरलं. अजून निम्मं अंतरही झालं नव्हतं.

पॅलेसच्या झाडीपाशी चांगला रस्ता संपायचा. पलीकडे तेव्हा नुसती पायवाट होती. चिखल, पाणकणसं, डुंबणाऱ्या म्हशी. भर गावाला लागून एवढं रान आहे, हे परगावच्या माणसाला खरं वाटलं नसतं. ती थांबली. मागे काका आणि मावशीही थांबले. चपलेचा अंगठा उगीच नीट करत तिने विचारलं, "आता?"

'पुढे जाऊ' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं नुसतं म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "पलीकडच्या पाणकणसांत जांभळ्या पाणकोंबड्या असतात, असं वाचलंय. बघून येऊ."

पाणकोंबडी एकही दिसली नाही. म्हशी मात्र पुष्कळ दिसल्या. मावशी मागे डोळे पुसत चालली होती.

लग्नानंतर आठवड्याभरात तिने विचारलं, "मावशीचा नियम तुमास्नी म्हाईत हुता?"

हो म्हणणं म्हणजे 'तू मला आवडली होतीस' असं तोंडाने सांगणं. मी म्हणालो, "कसला नियम?"

झालं. पुढची कित्येक वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला माझ्या आवाजाची नक्कल करून तिने ती पाणकोंबड्यांची गोष्ट ऐकवली. "मला न्हाय, पाणकोंबडीला पसंत केलं ह्यांनी." लोक हसायचे, मीही हसायचो. गोष्ट इतकी छान जमली होती की ती मोडवेना. प्रत्येक वेळी शेवटी ती क्षणभर माझ्याकडे बघते आणि थांबते, हे लक्षात यायला मला फार उशीर लागला. तीन पोस्टकार्डांनंतर चौथ्याने तरी आपल्याला निवडलं, की तो नुसता चालत राहिला, एवढंच तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

दोन हजार सालानंतर ती आजारी पडली. डॉक्टरांनी झेपेल तेवढं चाला म्हणून सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने रंकाळ्याला गेलो, थोडं चाललो आणि एका बाकावर बसलो. शेजारी एक अनोळखी बाई होत्या. तिने त्यांनाही गोष्ट सांगितली. बाई पोटभर हसून निघून गेल्या. ह्या वेळी मात्र तिने माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

मला भीती वाटली. मी म्हणालो, "मला माहीत होता."

"काय?"

"नियम. काकांनी आधीच सांगितलेला."

तिने हातांवरची नजर उचलली. म्हणाली, "आन् पाणकोंबड्या?"

"त्या ऐन वेळी सुचल्या."

"काय म्हणालासा? ऐकू आलं न्हाय. मोठ्यानं बोला."

"मला नियम माहीत होता!" आयुष्य वाचनालयात काढलेल्या माणसाच्या मानाने हे फारच मोठ्याने झालं. कानटोपी घालून समोरून चाललेले एक गृहस्थ थांबलेच. "काय म्हाईत हुतं म्हणता, पावणं?"

"तुमास्नी न्हाय, मला सांगाय लागल्यात," ती त्यांना म्हणाली. "जावा तुमी फुडं." आणि ते जरा लांब गेल्यावर माझ्याकडे वळली. "व्हय, बोला. अजून एकदा."