सैतानाची बायको

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. "इडापीडा घेऊन जा गे मारबत," असं सगळे ओरडतात. इतवारीतली एक फुटाणेवाली मात्र त्या दिवशी गजरा माळून, दोन्ही हात पसरून स्वतःचं दार अडवायची. घरात तिचा सैतान नांदत होता. मारबत त्याला घेऊन जाईल, ही तिची भीती.

मी घराण्यातला पहिला बी.ए. तिला सुनावलं, "सैतान-बितान काही नसते, मावशी."

ती हसली. "वीस वर्षं झाली, माह्यावर हात नाही उचलला त्यानं. तुम्हा माणसांत असा एक दाखव."

पुढल्या वर्षी तिच्या दारापुढे मी ओरडलो नाही, दोस्तांनाही गप्प केलं. हात पसरलेलेच ठेवून ती आत वळून म्हणाली, "पोरगं शिकलेलं दिसते गा."