सव्वादोन गाड्यांचं अंतर

जगात संगणक चालवणारी माणसं अगणित असतील. पण संगणक म्हणजे प्रवाशांनी भरलेली गाडी आहे आणि आपल्या हातून तिला साधं खरचटताही कामा नये, अशा गांभीर्यानं तो चालवणारे आमच्या गल्लीतले चाचा एकटेच. उभी हयात ते एसटीवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी केजला तहसील कचेरीसमोर ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं. संगणक त्यांना धाकट्या सुनेनं शिकवला, पण चालवायची पद्धत त्यांची स्वतःची. सकाळी आले की आधी पिवळ्या फडक्यानं पडदा पुसायचा, बसची पुढची काच पुसावी तसा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग खुर्ची मागंपुढं करून बैठक जमवायची, बिस्मिल्ला म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. कुणी 'चाचा, जरा लवकर' म्हटलं की ते मान न वळवता सांगत, "लवकर जायाचं आसंल तर मागून दुसरी गाडी येतीय." शेजारी तशी दोन दुकानं होतीच, आणि गिऱ्हाईक तिकडं जातही असे.

त्यांच्या संगणकावर दोन ब्राउझर होते. एक जुना आणि संथ. त्याला ते लाल गाडी म्हणत. दुसरा नवा, चपळ, दोन अक्षरं टाइप करताच पुढचं सगळं स्वतःच भरून टाकणारा. त्याचं नाव काळीपिवळी, म्हणजे आमच्याकडं माणसं कोंबून नेणारी जीप. मी शाळेत शिकवतो, शाळा सुटली की त्यांच्या दुकानात टेकायचो. एकदा विचारलं, "चाचा, नवा कावून वापरत न्हाई?" ते म्हणाले, "मी नुसतं 'धा' म्हनलं की त्यो धारूर म्हनतो अन मला आत कोंबतो. मला धानोऱ्याला जायाचं आसंल तर?" एका वेळी ते एकच टॅब उघडत. ब्राउझरमध्ये मागच्या पानावर जायची वेळ आली, तर गिऱ्हाइकाला उठवून आपल्या खुर्चीमागं उभं करत, कारण रिव्हर्स घेताना मागं माणूस हवाच.

पण त्यांचा खरा कायदा डबल बेलचा. एसटीत कंडक्टरनं एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. चाचा भरलेला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवत आणि गिऱ्हाइकानं टेबलावर दोनदा टकटक केल्याशिवाय शेवटचं बटण दाबत नसत. एकदा डोंगराकडचा एक मेंढपाळ मेंढ्यांच्या विम्यासाठी आला होता. त्यानं भीत भीत एकदाच टकटक केली. चाचांनी माउसवरचा हात उचलला आणि थांबले. तोही थांबला. दोघं एकमेकांकडं बघत इतका वेळ बसले की वेबसाइटनंच कंटाळून त्यांना बाहेर काढलं आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. मेंढपाळ म्हणाला, "मला वाटलं तुमचं आतमदी कायतरी चाललंय." चाचा शांतपणे म्हणाले, "अन मला वाटलं कुनीतरी उतरायचं ऱ्हायलंय."

आम्ही हसायचो, पण ते कधी हसत नसत. रस्ता हा त्यांच्या लेखी थट्टेचा विषय नव्हता. भाजी आणायला जातानाही डोक्यावर हेल्मेट असे. मोबाइलवर कुणी अपघाताचा व्हिडिओ पाठवला तर न बघता पुसून टाकत. शिकाऊ लायसन्सची परीक्षा संगणकावर देता येऊ लागली, तेव्हा शेजारच्या दुकानांत दुकानदारच पटापट उत्तरं दाबून देऊ लागले. चाचा मात्र उमेदवाराला आपल्या खुर्चीत बसवत आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहत. त्यामुळं त्यांच्याकडं नापास होणारे पुष्कळ, आणि नापास झालेला पुन्हा येत नसे. मी त्यावरून त्यांना छेडलं, तर म्हणाले, "सर, हितं बटन मी दाबीन. घाटात ब्रेक कोन दाबनार?"

आणि मग त्यांचं स्वतःचं लायसन्स संपत आलं. चाचांचा जीव त्या लायसन्समध्ये होता, कारण दर शुक्रवारी नमाज झाली की ते मोटारसायकलवर धारूरला थोरल्या बहिणीकडं जात. आपा एकट्या राहतात, घराबाहेर पडत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी भावाच्या गाडीचा आवाज आला की त्या चहा ठेवतात. एसटीनं जा म्हणावं, तर निवृत्तीनंतर चाचा प्रवासी म्हणून एकदाही बसमध्ये चढलेले नव्हते. दुसऱ्याच्या हातातली गाडी त्यांना बघवत नसे. चष्मा असूनही त्यांची नजर अधू होत चालली होती हे मला दिसत होतं. नाक पडद्याला टेकेपर्यंत ते पुढं वाकत आणि पडद्यालाच दोष देत.

अर्ज भरताना मी शेजारीच बसलो होतो. त्यात एक घोषणापत्र असतं. कुणी वाचत नाही, सगळीकडं 'हो' करत जातात. चाचांनी वाचलं. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट स्पष्ट वाचता येते का? मी म्हणालो, "हो करा अन पुढं चला." ते उठून बाहेर गेले. अकरा मीटरची एक एसटी धरली तर पंचवीस मीटर म्हणजे सव्वादोन गाड्या, असा हिशेब करून एका उभ्या जीपपासून तेवढी पावलं मोजत मागं आले. एम एच चव्वेचाळीस एवढं सवयीनं वाचलं आणि थांबले. मी हळूच पुढचा आकडा सांगितला, "आठ." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली मान घातली. "लेकरू आडवं आलं तरी तुमीच सांगनार का?" ते म्हणाले आणि चालत जीपपर्यंत गेले. मीही गेलो. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. तो तीन होता. मला हसू आलं, ते मात्र सरळ दुकानात परतले. समोरच्या प्रश्नाला त्यांनी 'नाही' केलं, आणि अर्ज तिथंच अडला.

त्या शुक्रवारी ते धारूरला गेले नाहीत. पुढच्या शुक्रवारीही नाही. आपांचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. गाडी बिघडली का, असं त्या विचारत असाव्यात. "गाडी अच्छी है आपा," चाचा म्हणाले, "डायवरच बिघडा." फोन ठेवून ते कितीतरी वेळ स्वच्छ पडदा पुसत राहिले. मला ते बघवलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मी माझी मोटारसायकल त्यांच्या दारात नेली. म्हणालो, "बसा मागं, मी नेतो धारूरला." त्यांचा चेहरा उजळला. लगबगीनं हेल्मेट घातलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग थबकले. "सर," त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमाला दिसतंय ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि मला आठ वाटलेला तो तीन आठवला. माझं लायसन्स दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानात पाच मिनिटांत नवं झालं होतं. तो प्रश्न मला कुणी वाचून दाखवला नव्हता. माझ्या नावानं 'हो' असं उत्तर मात्र गेलेलं होतं. मला मनापासून लाज वाटली, आणि माझ्याच गाडीशेजारी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली.

मी गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढली आणि विचारलं, "चाचा, धारूरची एसटी किती वाजता हाय?"

ते हेल्मेट काढून हातात घेत म्हणाले, "चला. पन खिडकीपाशी तुमी बसा. मला रस्ता दिसला की ऱ्हावत न्हाई."