पायावरची चादर

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलेही सांगतलं नाई. विहारात आम्ही बायका बसतो, जी ती आपलं दुखणं काढते — मी तिथीही गप्पच राहाते. तुमाले सांगून राह्यली, कारण तुमी माझ्या ओळखीचे नाई. अन् आता हे पोटात ठेवायचाही कंटाळा आला.

पहिले यायचं सांगते — यायचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. घुग्घुसले एका कारखान्यात ठेकेदाराकडं होते, भट्टीजवळ, दिवसभर उभ्याचं काम. शुगर निघाली तेव्हा आम्ही काही घाबरलो नाई. शुगर कोणाले नाई? भात कमी करा म्हटलं डॉक्टरनं. आमच्याकडं भाताशिवाय जेवण होते का? चालून गेलं दोन-तीन वर्षं. मग पाय जळू लागले.

पाय दिसाले एकदम चांगले. सूज नाई, जखम नाई. अन् आत म्हणे मिरची भरल्यावानी आग. लुंगीचा काठ जरी लागला तरी हा माणूस दात आवळून घेये. पाय उघडे टाकून, पंखा तिकडं करून पडून राहाये. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, साखरेनं नसा खराब झाल्या. आग होईन, पण खालून काही टोचलं तर समजणार नाई. आता सांगा, हे कोणाच्या डोक्यात शिरन? दुखते म्हणता, अन् टोचलेलं समजत नाई म्हणता?

शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट भेटत. ही आगीची गोळी बाहेरून घ्या लागे, अन् ती महाग. ती खाल्ली की सकाळी डोळा उघडत नसे, मग कामावर खाडा. असे खाडे करता करता शेवटी घरीच बसले. मी शाळेत खिचडी शिजवते तिथचा पैसा सरळ मेडिकलवाल्याकडं. कोणी म्हटलं मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळा, तेही चोळलं. चोळताना हे ओरडत, मग मीही ओरडे. झोप माझीही गेलीच होती — पण माझं कोण विचारते? शेजारीण म्हणे, "पाय तर चांगले दिसतात वो बाई, भाऊ कामाले काऊन जात नाई?" मी म्हणे, दुखतात. अन् मनात म्हणे, एवढे दुखतात?

नाई, थांबा. हे खोटं झालं. मले माहीत होतं एवढे दुखतात ते. झोपेतही पाय ओढून घेत, अन् झोपेतला माणूस नाटक करत नाई. आधीच सांगून ठेवते, नाईतर तुमी म्हणाल, बिचारीले समजलं नसन.

मग एका रविवारी सकाळी यायच्या सुपरवायझरचा फोन आला. मीच उचलला. भला माणूस तो. म्हणे, "वहिनी, भाऊचे पाय खरंच तसे असन तर गेटवर बसून काम आहे, मी शब्द टाकतो. पण पगार अर्धा पडन. अन् बरे असन तर भट्टीवर भाऊची जागा ठेवली आहे. दुपारी येऊन पाहून जातो." मी म्हटलं, या.

यायले मी फोनचं एवढंच सांगतलं — सायब भेटाले येऊन राह्यले. गेटचं नाई सांगतलं. काऊन नाई सांगतलं? अर्ध्या पगारात मेडिकलवाला अन् घर, दोन्ही कसं ओढू, एवढंच डोक्यात होतं. अन् राग होता. आजारी माणसावर राग येते, हे कोणी बोलत नाई, पण येते.

दुपारी तो आला. हे खाटेवर, पाय उघडे. मी चहा ठेवला, अन् दोरीवरची जाड चादर ओढून आणली. "पाहुणे आले, पाय तरी झाका," असं म्हणत यायच्या दोन्ही पायांवर टाकली. नुसती टाकली नाई — टाचांखाली खोचली, घट्ट, जशी लेकराले खोचतात. मले पक्कं माहीत होतं, हा माणूस परक्यासमोर तोंडातून आवाज काढणार नाई.

यायनं माझ्याकडं पाह्यलं. मग हातानं खाटेची पट्टी धरली अन् सायबाशी पाण्यापावसाचं बोलू लागले. कपाळावर घाम आलेला. तो म्हणे, "पाय काय म्हणतात भाऊ?" हे मले पाहून म्हणाले, "बरं आहे आता." तो माझ्याकडं वळला. "वहिनी, खरं सांगा, उभ्यानं जमन का?"

"जमन," मी म्हटलं. "घरी बसून आळस चढला, दुसरं काही नाई."

तो हसला. हेही हसले. सोमवारपासून भट्टीवर गेले. गेटवर दुसरा माणूस बसला. ती जागा आपल्याले भेटत होती, हे यायले नंतर कारखान्यातच समजलं — मले एका शब्दानं विचारलं नाई.

धान कापणीच्या दिवसात एक दिवस घरी आले, बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. बुटात खडा होता. दिवसभर त्याच्यावर उभे राह्यले, समजलंच नाई. जखम वाढत गेली, मग काळी पडली. चंद्रपूरले दोन बोटं कापली, त्या खर्चात माझी गळ्यातली सोन्याची पोत गेली. पोतीचं मले काही वाटत नाई. आता हे कुबडी घेऊन संडासपर्यंत जातात, अन् आग तशीच आहे. कापलेल्या बोटांतही होते म्हणतात.

पण सांगायचं ते हे नाई.

पट्टी करायच्या दिवशी डॉक्टर आमच्या दोघांवर चिडला. तरणा पोरगा, खरंच कळवळून बोलत होता. "असे पाय असताना उभं राहायच्या कामावर पाठवलं कोणी?" मी पिशवी घेऊन बाजूलेच उभी. यायनं मान खाली घातली अन् म्हणाले, "मीच गेलो, साहेब. ही नको म्हणत होती."

डॉक्टर माझ्याकडं पाहून म्हणे, "काकू, तुम्ही तरी अडवायचं होतं."

अन् मी म्हटलं, "माझं कुठी ऐकतात हे?"