काळ्याशिवाय पत्रिका

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी छपाईच्या फाइली तयार करत बसते, याचे घरात कोणालाही कौतुक नव्हते. संगणकावर टवटवीत दिसणारे चित्र कागदावर मलूल का होते, हा प्रश्न मला मात्र प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रश्नाइतका नेमका वाटे. पडदा प्रकाशातून रंग दाखवतो, कागद शाईतून. फाइल बनवताना हिशेब शाईचा धरायचा. वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि सातपूरच्या औषध कंपनीतल्या नोकरीची आठवण करून दिली. एक तारखेला तिथे रुजू व्हायचे होते. त्याआधी एका छापखान्याच्या मालकांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, माझ्यासमोर पर्याय ठेवला: एक लग्नपत्रिका करून दाखवायची. ती नीट उतरली तर छापखान्याच्या सगळ्या फाइली माझ्याकडे. नाही तर सातपूर आहेच.

पत्रिका दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीची होती. कापताना पाते जरा सरकले तरी पांढरी रेघ राहू नये, म्हणून मी चारही कडांना रंग थोडा बाहेर वाढवला. गणपतीचे चित्र नेहमीच्या चार शाईंमध्ये विभागले. प्रत्येक शाई कागदावर कुठे लागायची ते दाखवणारी एकेक पारदर्शक फिल्म निघाली. त्या काचेच्या टेबलावर तपासत असताना नवरीची आत्या आत आली.

"यातली पिवळी कोणती?" तिने विचारले.

मी दाखवली.

"ही तर काळी हाय."

"फिल्म काळीच असते, आत्या. शाई पिवळी लागते."

"बरं. आन् ही चौथी?"

"ती काळ्या शाईची."

खरे उत्तर देण्याची सवय विज्ञानाने लावली होती. आत्याने पर्स काखेत घट्ट धरली.

"लग्नाच्या पत्रिकेत काळं?"

"आत्याबाई, सगळ्यांच्याच पत्रिकेत असतं ते," काका म्हणाले. "मिसळून जातं. दिसत नाही."

"पाहुण्यांना नसंल दिसत. गणपतीला दिसतंय ना, त्याच्याच अंगावर हाय ते. नाय जमत तर सांगा, दुसरीकडं टाकतो."

काकांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत सातपूर स्पष्ट दिसत होते.

"जमेल," मी म्हणाले, आणि मग कसे जमेल याचा विचार सुरू केला.

निळसर, गुलाबी आणि पिवळी या तीन शाई एकत्र आल्या की तत्त्वतः काळा रंग मिळतो. प्रत्यक्षात मिळतो गढूळ तपकिरी. म्हणून चौथी शाई लागते. पण मरून आणि सोनेरी छटांच्या पत्रिकेत सावल्या तपकिरी झाल्या तर बिघडणार काय होते? मी विभाजनात काळ्याचे प्रमाण शून्यावर आणले. आता गडद भागांत तिन्ही शाई दाट बसणार आणि कागद लवकर वाळणार नाही, म्हणून एकूण शाईलाही मर्यादा घातली. प्रश्न उरला मजकुराचा. मरून अक्षरांना गडदपणा काळ्यामुळेच येत होता. तीन शाईंतून ती छापावीत, तर कागद केसभर हलला तरी बारीक वेलांट्यांना रंगीत कडा दिसल्या असत्या. तेव्हा काळ्याच्या जागी तयार मरून शाई घेतली आणि सगळा मजकूर तिच्या एकटीच्या वाट्याला दिला.

नव्या फिल्म घेऊन बसले तेव्हा आत्या आधीच हजर होती. तिने पुन्हा चौथीवर बोट ठेवले.

"मरून," मी म्हणाले.

"दिसती तर काळीच."

"फिल्म आहे ती, आत्या."

"असू दे. फिल्म काय पाहुण्यांना वाटायची हाय?"

गणपतीचे काय, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

यंत्रातून पहिला चांगला कागद निघाला. कडा भरलेल्या होत्या, अक्षरे स्वच्छ होती. गणपतीच्या पायाशी बसलेला राखाडी उंदीर तेवढा तपकिरी झाला होता.

"उंदीर भाजल्यासारखा दिसतोय," काका पुटपुटले.

"शेतातला हाय," आत्या म्हणाली. "उन्हात रापलाय." पर्समधून कुंकवाची डबी काढून तिने त्या कागदाच्या कोपऱ्याला बोट लावले. "आमच्याकडं अजून दोन लग्नं हायेत औंदा. ही पोरगी भेटंल ना तवा?"

"भेटेल की. मॅडम आता इथंच असतात," काका यंत्रावरून नजर न काढता म्हणाले.

मला ही बातमी अशी कळली. मी हात पुसले आणि सातपूरला नकार कळवण्यासाठी फोन मागितला.

"कॉल लोकलच आहे ना, एसटीडी नाही?" काकांनी विचारले.