रविवारची ओल

साखरा गावच्या पंचफुलाला बघून तणाला घाम फुटतो, असं तिचा नवरा जळबा सांगायचा. साठी गाठलेली, एक गुडघा कुरकुरणारा, पण खुरपं हातात आलं की बाई धरलेली ओळ संपल्याशिवाय उठायची नाही. सतरा वर्षं लोकांच्या रानात खुरपलं, मग अडीच एकर काळी जमीन स्वतःची झाली. लोकांच्या रानातलं तण मालकाचं, आपल्या रानातलं तण म्हणजे आपली अब्रू. एवढं तिचं शास्त्र सरळ होतं.

त्या काळीत पुण्याच्या एका संस्थेनं यंत्र रोवलं. सोयाबीनच्या मधोमध दहा पावलांचं तारेचं कुंपण, आत एक खांब, खांबावर सोलरची पाटी, आणि मातीत वीतभर, हातभर, दोन हात खोल गाडलेल्या सळया. यंत्र घेऊन आलेली बाई म्हणजे डॉक्टर ज्योती. डॉक्टर म्हटल्यावर पंचफुलानं आधी गुडघाच पुढं केला.

"माणसाची न्हाई मावशी, मी मातीची डॉक्टर."

ज्योतीचा बाप वारंगा फाट्यावर पंक्चर काढायचा. पुण्याची भाषा तिनं वरून चढवली होती, खालची बोली शाबूत होती. काम तिनं त्याच बोलीत समजावलं. पाऊस पडला की जमीन किती पिते, किती धरून ठेवते, किती वाफ करून आभाळाला परत देते, ते सळया सांगणार. पुण्याचा मोठा संगणक सगळ्या मराठवाड्याचे चौकोन पाडून दर चौकोनातल्या मातीचं गणित मांडतो, त्यावरून पुढचं हवामान.

"आभाळ एकटंच ठरवत न्हाई मावशी. जमीन बी ठरवती."

"हे कळायला पुण्याला जावं लागलं व्हय?"

जाताना ज्योतीनं एकच बजावलं. "सळयांना आन् वायरीला हात लावू नका."

पंचफुलानं सळईला बोट लावलं नाही. पण तारेतलं तण? पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, दर रविवारी बुद्धविहारात ग्रंथवाचन असायचं. त्या दिवशी रानाचं काम बंद. तरी ती तांबडं फुटताच तारेत शिरायची, तण उपटायची, काळीला पडलेल्या भेगा बुजवायची, वरची माती खुरप्यानं भुसभुशीत करून ठेवायची. मग आंघोळ, पांढरं लुगडं, विहार. बाकीच्या रानाला दोन खुरपण्या, ह्या तुकड्याला दर आठवड्याला एक. पाव्हण्याची जागा, गवत माजलेलं बरं दिसतं का?

दुसऱ्या साली पोळ्यानंतर पावसानं तीन आठवडे दडी मारली. ज्योती जीप घेऊन आली, बरोबर टिकाववाले दोघं. येऊन ती बांधावर डोकं धरून बसली.

"काय झालं बाई?"

"सळया काढून न्यायच्यात. संगणक म्हणतो माती वाळून ठक्क झाली पाह्यजे, आन् तुमच्या सळया म्हणतात ओल हाय. त्यात दर रविवारी ओल उतरायची, म्हंजे कमी व्हायची, थांबती. दोन-तीन दिवस थांबती, मंग पुन्हा उतरती. साहेब हसले मला. म्हणाले, साखऱ्याच्या मातीला रविवारची सुट्टी असती का? यंत्र बिघडलंय, दोन्ही सालच्या नोंदी फेका." तिनं चपलेनं ढेकूळ फोडलं. "दोन सालं गेली मावशी माझी."

जळबानं पंचफुलाला कपाशीच्या पऱ्हाटीआड ओढलं.

"गप ऱ्हाय. मशीन बिघडवली म्हणून आपल्या गळ्यात यील."

"बिघडवली न्हाईच, तर गळ्यात कशी यील?"

"सायबाला हे कोण सांगणार?"

"मी."

ती बांधावर परत आली. टिकाववाल्यानं पहिला घाव उचलला होता.

"थांब रे बाबा. बाई, यंत्र बराबर हाय. सुट्टी मातीला न्हाई, मला होती." आणि तिनं रविवारचं सगळं सांगून टाकलं.

ज्योती ताडकन उठली. "हात लावू नका म्हणाले होते ना!"

"सळईला म्हनलात. मातीचं नाव कवा घेतलं? आन् भेगा बुजवल्या की ओल उडत न्हाई, एक खुरपणी म्हंजे अर्धं पाणी, हे वारंग्याच्या लेकीला म्हाईत न्हाई?"

ज्योतीच्या संगणकात पाऊस होता, ऊन होतं, पिकाची मुळं होती. खुरपं नव्हतं. त्या चौकोनांत कोणी माणूस कधी उतरलाच नव्हता.

तिनं लॅपटॉप मांडीवर उघडला. "एका रविवारी ओल उतरायची थांबलीच न्हाई. कोणत्या?"

"पोळ्याच्या आदल्या. त्या दिशी विहारातल्या सैपाकाची पाळी माझी होती. तारेत गेलेच न्हाई."

ज्योतीनं पडद्यावर बोट फिरवलं, तारीख जुळली, आणि ती टिकाववाल्यांना म्हणाली, "टिकाव जीपमधी टाका."

"आता मागल्या सालचं सांगा," ती पंचफुलाकडं वळली.

पंचफुलानं बोटं मोजून पाहिली. मागल्या साली पोरीचं बाळंतपण होतं, तिचं हिंगोलीला येणं-जाणं चालू होतं. "किती रविवार खाडे झाले, ध्यानात न्हाई."

"सांग की तसंच काहीतरी," जळबा पुटपुटला. मघाशी गप बसवणारा तोच.

"अंदाजानं तरी?" ज्योतीच्याही तोंडून निसटलं.

"न्हाई बाई. एक खोटा रविवार घातला तर खरे बी खोटे व्हतील."

पहिलं साल गेलं. दुसरं राहिलं. साहेबांनी आधी दहा शंका काढल्या, मग नोंदी ठेवायला सांगितल्या, आणि ज्योतीला म्हणाले की खुरपलेली आणि न खुरपलेली माती शेजारी-शेजारी दाखव.

म्हणून ह्या पावसाळ्यात तारेत मधोमध सुतळी बांधली आहे. दोन्ही अंगाला सळया. अलीकडं पंचफुला दर रविवारी खुरपते. पलीकडं बोट लावायचं नाही, मातीलाही नाही. हे यंदा ज्योतीनं तीन वेळा सांगितलं. पलीकडं गवत गुडघ्याला लागलं आहे.

शेजारच्या रानाचा वसराम तांड्याकडं जाताना बांधावर थांबलाच. "काकू, तारेत जंगल पाळून राहिल्या का? गुडघा गेला की हात गेला?"

"दोन्ही शाबूत हायेत. अर्धं माझं हाय, अर्धं संगणकाचं. त्याला खुरपता येत न्हाई."

वसराम हसत गेला. संगणकाच्या अंगाची हराळी सुतळीखालून अलीकडं सरकली होती. पंचफुला वाकली, खुरप्याचं टोक सुतळीला टेकवलं, आणि अलीकडं आली होती तेवढीच कापली.