तिसऱ्या मजल्याचा स्क्रू

काही माणसांना काम सांगितलं की घाम फुटतो. मिस्त्रींना घाम फोडायचा असेल, तर "जरा आराम करा" एवढंच म्हणावं.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. लोकांना बसल्या जागी वर पोचवण्याचा त्यांचा धंदा, आणि तो करण्यासाठी स्वतः मात्र तीस वर्षं जिने चढत आलेले. कारण मिस्त्रींना बोलावणं येतं तेव्हा लिफ्ट बंदच असते. पन्नाशीला कुणीतरी त्यांच्या पोटऱ्या बघून म्हणालं, "एवढं उभं चढता, जरा आडवं पळून बघा की!" बघितलं. आणि जे खूळ डोक्यात शिरलं, ते बेचाळीस किलोमीटरला जाऊन टेकलं.

शर्यत सहा तासांत संपवायची असते. पहिल्या वर्षी मिस्त्री पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुग्याच्या कमानीतली हवा काढून झाली होती आणि दोघं जण तिच्यावर बसून घडी घालत होते. दुसऱ्या वर्षी कमान उभी होती, पण खालची सतरंजी गुंडाळत होते. मिस्त्री गुंडाळीवरून उडी मारून पलीकडे गेले. पदक मिळालं नाही, घोटा मात्र मुरगळला.

घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक खिळा होता. पदकासाठी म्हणून मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वीच ठोकलेला. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बघून विचारायचा, "इथलं काय पडलं?" शेवटी बायकोने निकाल दिला. "यंदा शेवटचं. या खेपेला पदक आलं तर आलं, नाहीतर त्या खिळ्याला मी कॅलेंडर लावणार आणि तुमचे बूट माळ्यावर टाकणार." ती शिवणकाम करायची. तिने एकदा कापलं की कापलं.

दोन्ही खेपा का फसल्या, हे त्यांना पळणं शिकवणाऱ्या ड्रिल मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. शर्यतीआधी दोन आठवडे पळणं कमी करत आणायचं असतं, म्हणजे पाय ताजे राहतात. मिस्त्री नेमके त्याच दिवसांत घाबरून जास्त पळायचे. आणि शर्यतीच्या सकाळी तीच धास्ती पायांत उतरून पहिले दहा किलोमीटर असे सुटायचे, की जणू मागे पोलीस लागलेत.

"या वेळी दहा दिवस जिना बंद," मास्तरांनी फर्मान काढलं. "दिवसाआड वीस मिनिटं हळू पळायचं, उरलेला वेळ गप पडायचं."

"मग मी करू काय मास्तर?"

"मिस्त्री, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता. झाली की काय करता?"

"काही नाही. चालू लिफ्टला हात लावायचा नसतो."

"झालं तर! तुमची लिफ्ट आता चालू आहे."

हे मिस्त्रींना पटलं. पटणं आणि झेपणं यांत मात्र सहा मजल्यांचं अंतर असतं. त्यांनी कामावर रजा टाकली, आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या उजव्या गुडघ्यातून आवाज यायला लागला. बायकोने कान लावून ऐकलं.

"काही येत नाही."

"अगं, आत येतोय."

"मग आतच राहू दे."

चौथ्या दिवशी डावी टाच गेली. पाचव्या दिवशी घसा आला, टाच परत आली. सहाव्या दिवशी दाढ दुखायला लागली, तेव्हा बायको त्यांना त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर-दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवा मारून सगळं तोंड तपासलं आणि म्हणाले, "दाढ एकदम तंदुरुस्त आहे, वहिनी. हवं तर हिलाच पळायला पाठवा."

बाकी दिवसभर मिस्त्री घरात येरझाऱ्या घालायचे. बायकोने पावलं मोजून हिशेब केला, तर दुपारपर्यंत स्वयंपाकघर ते गॅलरी असे चार किलोमीटर झाले होते. ती उठली, मिस्त्रींच्या कामाच्या पिशवीतली पाटी काढली आणि त्यांच्या गळ्यात अडकवली. पाटीवर लाल अक्षरांत होतं: 'काम चालू आहे. वापरू नये.'

"ही काढलीत तर बघा," बायको म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

मिस्त्रींनी पाटी काढली नाही. उलट ती गळ्यात आल्यावर त्यांना जरा बरंच वाटलं. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आले, त्यांनी पाटी वाचली, आणि आल्या पावली परत गेले.

शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दुपारी, मिस्त्री पेपर आणायला म्हणून खाली गेले. लिफ्टनेच गेले, आज्ञा म्हणजे आज्ञा. तिसरा मजला ओलांडताना त्यांना एक बारीक कुईं ऐकू आलं. तो आवाज इमारतीत दुसऱ्या कुणाला कधी ऐकू आला नव्हता. गुडघ्यातला आवाज बायकोने नाकारला होता, पण लिफ्टच्या आवाजावर मिस्त्रींचं मत खोडून काढील असा माणूस इमारतीत नव्हता. खिशात पेचकस होताच. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या कुलपाला एक स्क्रू होता. मिस्त्रींनी तो फक्त पाव आटा फिरवला. दहा दिवसांत पहिल्यांदा हातांना काम मिळालं होतं. त्या रात्री ते गाढ झोपले.

शर्यत साडेपाचला सुटणार होती. पहाटे सव्वाचारला छातीवर नंबर लावून मिस्त्री आणि पाण्याची बाटली घेऊन बायको, दोघं सहाव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले. पाचवा गेला, चौथा गेला. तिसरा जाता जाता लिफ्टने एक आचका दिला आणि तिसऱ्या-दुसऱ्याच्या मध्ये उभी राहिली.



"स्क्रू," मिस्त्री पुटपुटले.

"कुठला स्क्रू?"

मिस्त्रींनी छातीवरचा नंबर सरळ केला.

"अहो, कुठला स्क्रू?"

"तिसऱ्या मजल्याचा. दाराच्या कुलपाचा, तो हलला की लिफ्ट थांबते. काल थोडासा... पावच आटा गं."

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की लिफ्ट बंद नसती तर घाबरून आपणहून खाली गेली असती. मग बायकोने सेक्रेटरींना फोन लावला. सेक्रेटरींनी डॉक्टरांना उठवलं आणि दोघं पायजम्यावर धापा टाकत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पोचले. इमारतीतली लिफ्ट हाताने हलवणं ज्याला येत होतं, तो एकुलता एक माणूस त्या लिफ्टमध्येच अडकला होता.

"आधी मेन स्विच बंद करा," मिस्त्री फोनवर ओरडले.

"चार स्विच आहेत!"

"लाल! लाल मुठीचा! केलात? आता एकाने ब्रेकचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने मोठं चाक फिरवायचं. हळूहळू."

"चाक घट्ट आहे हो!"

"डॉक्टर, दाढ समजा आणि ओढा!"

चाक हललं. लिफ्ट बोटभर वर सरकली. मग पुन्हा बोटभर. मिस्त्रींना करण्यासारखं आता जगात काही उरलं नव्हतं. पळता येत नव्हतं, चढता येत नव्हतं, येरझाऱ्या घालायला जागा नव्हती, आणि गुडघ्यातला आवाज ऐकायला जावं तर डॉक्टरांचे "हुं! हुं!" खालपर्यंत ऐकू येत होते. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"चुकलं बाई माझं," ते म्हणाले. "लाव कॅलेंडर."

"गप बसा," बायको त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "अजून वाजलेत किती?"

पाच मिनिटांनी तिच्या खांद्यावर वजन आलं. मिस्त्रींना डुलकी लागली होती. दहा दिवसांत मास्तरांना जे जमलं नव्हतं, ते पाव आट्याने करून दाखवलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. मिस्त्री दचकून उठले आणि जिन्याकडे धावले. बायकोने दंड धरला.

"जिना नाही. मास्तरांनी सांगितलंय."

"अगं, मला बेचाळीस किलोमीटर पळायचंय आणि तीन मजले उतरायचे नाहीत?"

"पळायचं ते तिकडे. इथे वापरू नये."

वाद घालायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी दवाखान्यातून खुर्ची काढली. छातीवर नंबर लावलेले मिस्त्री तिच्यावर बसले, पुढून सेक्रेटरी आणि मागून डॉक्टर अशी वरात खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर दूध घ्यायला दार उघडलेल्या बाईंनी हात जोडले. "कधी झालं हो?"

"व्हायचंय अजून," मिस्त्री खुर्चीतून म्हणाले.

मैदानावर पोचले तेव्हा पाच चव्वेचाळीस झाले होते. शर्यत सुटून चौदा मिनिटं झाली होती आणि सहा तास मोजले जाणार होते ते साडेपाचपासूनच. सुरुवातीच्या रेषेवर केरसुणी घेतलेला एक माणूस सोडून कुणी नव्हतं. मिस्त्री एकटे निघाले. पुढे धाव घेऊन पळणारा घोळका नाही, शेजारी पायांना चिथावणारा कुणी नाही. संपलेलीच गोष्ट आहे, असं म्हणत ते आपल्या चालीने गेले. पंधराव्या किलोमीटरला त्यांना पहिली पाठ दिसली. तिसाव्यापर्यंत त्यांनी पाठी मोजणं सोडून दिलं. चौतिसाव्याला, जिथे दरवर्षी ते रस्त्याच्या कडेला बसायचे, तिथे त्यांच्या लक्षात आलं की पाय अजून आहेत.

अकरा वाजून तेवीस मिनिटांनी मिस्त्रींनी रेषा ओलांडली. कमान उभी होती, फुगलेली. ते तिच्याखाली थांबून वर बघत राहिले, शेवटी मागच्यांनी त्यांना बाजूला केलं.

घरी आले तेव्हा लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती: 'काम चालू आहे. वापरू नये.' या खेपेला सेक्रेटरी, डॉक्टर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे यजमान अशा तिघांनी खुर्ची उचलून सहाव्या मजल्यापर्यंत नेली. चौथ्या मजल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वर्षी तळमजल्यावर राहायला या."

बायकोने पदक खिळ्याला अडकवलं आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. मिस्त्रीही बघत होते. पदक डावीकडे कणभर कललं होतं. त्यांचा हात हळूच खिशाकडे गेला.

"हात लावाल तर खबरदार," बायको मागे न बघता म्हणाली.